नात्यात नसलेल्या माणसाच्या शोधात: लातूर ते किनवट

लातूरला माणसं शिकवणीसाठी जातात, नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला जातात, आणि दोन्हीकडे लग्नांना तर जातातच. मी गेले ते माझा कोणीही लागत नाही असा एक माणूस शोधायला. तिकडे जाणाऱ्यांना माहिती असावी म्हणून सांगते, असा माणूस तिथे मिळणं फार अवघड आहे.

मुळात प्रकरण असं. माझा जन्म इंग्लंडमधला. वडील डॉक्टर होते, तिकडच्या एका इस्पितळात काही वर्षं नोकरीला होते आणि आई सोबत होती. दादाच्या वेळेसारखंच बाळंतपणाला तिला माहेरी, औशाला, धाडायचं ठरलं होतं, पण ऐनवेळी इंग्लंडमधल्या डॉक्टरणीने विमानात बसायला मनाई केली आणि मी परदेशात जन्मले. मला चालता यायच्या आत आम्ही लातूरला परत आलो. त्या देशाची मला काडीचीही आठवण नाही. पण तिथला कायदा असा, की त्या काळात तिथे जन्मलेली बाई तिथली नागरिक, आणि तिच्या पोटी पुढे कुठेही जन्मलेलं मूल आईच्या वंशाने तिथलं नागरिक.

माझी मुलगी केतकी तिकडे शिकायला गेली आणि शिक्षण संपल्यावर एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागली. तिचा तिथे राहण्याचा परवाना संपत आला तेव्हा कोणीतरी तिला हा कायदा सांगितला. तिने अर्ज केला. इस्पितळाने सांगितलं, महिनाअखेरपर्यंत थांबतो. नागरिकत्वाचा कागद आला तर जागा तुझी, नाहीतर दुसरी मुलगी घेऊ. मग केतकीला तिकडच्या कार्यालयाचं पत्र आलं. माझ्या जन्मदाखल्यावर नाव आहे सुलभा गंगाधर बिरादार. केतकीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव आहे अनुराधा विलास कदम. या दोन बायका एकच आहेत हे दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि सासरच्यांना उत्साह असला तर पहिलंही बदलतं. माझ्या सासरी उत्साह होता.

"आई, नाव बदललं त्याचा काहीतरी कागद असेल ना?" केतकीने फोनवर विचारलं.

"कागद कसला? तांदूळ होते. ताटात तांदूळ पसरून तुझ्या बाबांनी अंगठीने नाव लिहिलं."

"मग ते तांदूळ?"

"दुसऱ्या दिवशी त्याची खिचडी झाली."

फोटोग्राफरने त्या क्षणाचा फोटो काढला आहे, पण त्यात आम्हा दोघांचे चेहरे आहेत आणि ताट चौकटीच्या बाहेर आहे. लग्नाची नोंदणी केली नव्हती. तेव्हा नोंदणी ही पळून जाऊन लग्न करणाऱ्यांनी करायची गोष्ट होती. लग्नपत्रिका मात्र होती, ती केतकीने पाठवली. त्यावर कार्यालयाने फार सभ्य भाषेत विचारलं की, विलास कदमांनी सुलभाशी लग्न केल्याचं यावरून दिसतं. अनुराधा ही त्यांची दुसरी पत्नी नाही कशावरून? हे ऐकून दोन दिवस आमचे हे घरात जरा ताठ चालत होते.

शेवटी त्यांनीच वाट दाखवली. लग्नाआधी आणि लग्नानंतर, दोन्ही नावांनी मला ओळखणारा एक माणूस द्या. त्याने लिहून सही करावी. अट एकच: तो रक्ताने किंवा लग्नाने माझा नातेवाईक नसावा. नाशिकला आमच्या इमारतीत माझा कोणीही न लागणारी माणसं मजल्यामजल्यावर आहेत, पण मी सुलभा होते हे त्यातल्या एकालाही माहीत नाही. हे माहीत असणारी माणसं लातुरात आणि नांदेड जिल्ह्यात. माझं औषधांचं दुकान निवृत्त झालेल्या यांच्यावर सोपवलं आणि मी निघाले.

लातूर

दादा स्टँडवर घ्यायला आला होता. घरी वहिनीने सुशीला केली होती. नाशिककडच्या वाचकांना हे बाईचं नाव वाटेल. मराठवाड्यात ही न्याहारी आहे. चुरमुरे भिजवून, पिळून कांदा-मिरचीच्या फोडणीत परततात आणि वर शेंगदाण्याचं कूट घालतात. पोह्यांपेक्षा हलकी लागते आणि पोह्यांपेक्षा लवकर संपते.

"सुले, हे काय नवीन काढलीस?" दादा म्हणाला. "आण कागद, मी सही करतो."

"तू सख्खा भाऊ आहेस."

"म्हणूनच तर. मला पक्कं माहीत हाय की तू तूच हायस. ज्याचा काही संबंध न्हाई त्याला काय माहीत असणार?"

 तेवढ्यात नळाला पाणी आलं आणि सगळं घर पिंपांकडे धावलं, म्हणून वाद तिथेच राहिला. लातुरात पाणी आलं की बाकी सगळे विषय आपोआप तहकूब होतात.

माझ्या डोक्यात एक नाव पक्कं होतं: नीला सरवदे. आमच्या मागच्या गल्लीत राहायची. पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. माझ्या लग्नाला वऱ्हाडाच्या ट्रकमधून हदगावपर्यंत आली होती, ताटातले तांदूळ तिने पाहिले होते. पुढे ती सहकार खात्यात अधिकारी झाली आणि तिच्या दिवाळीच्या शुभेच्छा मला दरवर्षी अनुराधा या नावाने येतात. सरवदे बौद्ध, आम्ही बिरादार मराठे; तिच्या-माझ्या घरात सोयरीक असण्याचा प्रश्नच नव्हता. पाणी भरून झाल्यावर मी तिच्याकडे गेले.

सगळं ऐकून नीला हसायला लागली. थांबेचना.

"अख्ख्या लातुरात नात्यात नसलेलं घर हुडकायचं तर तुम्ही लोक आमच्याकडंच येणार, हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"टोमणे नंतर मार. सही करतेस का?"

"केली असती गं. पण माझ्या भावाचा पोरगा, संकेत, आठवतो? त्यानं गेल्या वर्षी तुझ्या चुलतभावाच्या प्राजक्ताशी कोर्टात लग्न केलं. तुला कुणी सांगितलं न्हाई वाटतं."

मला कोणीच सांगितलं नव्हतं. घरी फोनवर विचारायची तेव्हा ‘प्राजक्ता पुण्यात असते’ एवढंच कळायचं, आणि ते खरंही होतं.

"इतकी वर्षं आपण कोणी नव्हतो," नीला म्हणाली. "आता विहिणी-विहिणी हाओत. तू एक वर्ष आधी यायचंस."

मी केतकीला फोन लावला. एवढं लांबचं चालेल का? केतकी म्हणाली, आई, लग्नाने म्हणजे लग्नाने, खोटं निघालं तर सगळा अर्जच बाद होईल. नीलाने चहा केला. प्राजक्ताचा फोटो दाखवला. मुलगी छान दिसत होती. घरी येऊन मी दादाला एवढंच विचारलं, "प्राजक्ताच्या लग्नाचं मला का नाही सांगितलं?" दादा म्हणाला, "तू लांब असतीस. उगं कशाला तुला त्रास." वहिनी भांडी आवरायला आत गेली. मी संध्याकाळी प्राजक्ताला आहेर पाठवून दिला आणि पिशवी भरली.

लातूर ते नांदेड

एसटीत मी ठरवून गप्प बसले. शेजारी माझ्याच वयाची एक बाई होती. अहमदपूर यायच्या आत तिने सुरुवात केली.

"कुठल्या म्हणायच्या?"

"नाशिकच्या."

"नाशिकच्या आत्ता. मूळच्या?"

"लातूर."

"लातुरात कुणाच्या?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. तुरी शेंगांवर आल्या होत्या आणि हरभरा वीतभर वर आला होता. पण ती थांबणारी नव्हती. वडिलांचं नाव, आईचं माहेर, आजीचं गाव असं करत तिने मला लोह्यापर्यंत पुरतं उकललं आणि समाधानाने म्हणाली, "मग तुम्ही आमच्या नळेगावच्या आत्याच्या जावेच्या भाची की हो!" लगेच पिशवीतून धपाटं काढून, त्यावर दह्यातली चटणी घालून माझ्या हातात दिलं. ते खाल्ल्यावर नातं नाकारायची सोय उरली नाही. नाशिकहून मुंबईला मी कितीदा गेले असेन, पण शेजारच्याने कधी नावही विचारलं नाही. तेव्हा मला ते तुटक वाटायचं. या प्रवासात त्याची किंमत कळली.

नांदेडला उतरल्यावर गुरुद्वाऱ्यात लंगरला बसले. पंगतीतून रोट्या वाढत येणाऱ्या सरदारजींनी दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि रोटी ठेवून पुढे गेले. कुठल्या, कुणाच्या, काही नाही. माझ्या सबंध प्रवासातली ही एकच जागा अशी होती. डाळही चांगली होती. पण ते मला कोणत्याच नावाने ओळखत नसल्यामुळे त्यांचा उपयोग नव्हता.

हदगावजवळ, सासरी

नांदेडहून हदगावकडे जाताना अर्धापुरात केळीच केळी दिसतात, त्याच्या पुढे कापूस. वेचणी जोरात होती. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना गाड्यांतून उडालेला कापूस अडकला होता. माझं सासर हदगावपासून जवळच्या एका खेड्यात आहे. तिथे माझी मोठी जाऊ असते. आम्ही तिला अक्का म्हणतो. मी येणार हे अक्काने गावाला सांगून ठेवलं होतं, पण का येणार हे तिला नीट कळलं नव्हतं, त्यामुळे अंगणात जमलेल्या माणसांची समजूत होती की इंग्लंडमध्ये माझी जमीन निघाली आहे.

"जमीन नाही," मी सांगितलं. "नागरिकत्व. माझा जन्म तिथला, म्हणून केतकीला आईकडून हक्क लागतो."

"म्हणजे वारस नोंद," भावकीतले बापूराव म्हणाले. शेतीच्या कागदात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. "फेरफार करायचा."

"तसंच काहीसं."

"माहेरचा हिस्सा म्हना की," अक्का म्हणाली. "मंग तू लग्नाच्या वक्ताला हक्कसोड न्हाई करून दिली? आमी तर भावाला सही करून दिली बाई. आन् तू आख्खा देश ठिवून घेतला?"

अंगण हसलं. एका म्हाताऱ्या चुलतसासूला मात्र वेगळीच काळजी लागली होती. माझ्या वेळी आईला बाळंतपणाला माहेरी का नेलं नाही, हे तिला समजत नव्हतं. परक्या मुलुखात, ना आई ना मावशी, डिंकाचे लाडू कोणी केले असतील? तिने आईसाठी खरोखर हळहळ केली. तिला सांगून उपयोग नव्हता, की तेव्हा आईला औशाला नेलं असतं तर आज केतकीला काहीच मिळालं नसतं.

मग मी मूळ प्रश्न विचारला. "लग्नाआधीपासून मला ओळखणारं, पण आपल्या नात्यात नसलेलं गावात कोण आहे?"

हा प्रश्न विचारणं चूक होतं. अंगणातले चेहरे बदलले. एक जण म्हणाला, "म्हणजे आमी तुमचे कोणी न्हाई का?" दुसऱ्याने आठवण करून दिली की सासऱ्यांच्या मयतीला खांदा त्याने दिला होता. मी समजावलं की मी नातं तोडायला आले नाही, कागदापुरतं एक माणूस हवं आहे. बापूराव म्हणाले, कागदापुरतं तुटलेलं नातं पुन्हा जुळत न्हाई, त्याला कोर्टात जावं लागतं.

तेवढ्यात रशीदचाचा आले आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. रशीदचाचा गावचे शिंपी. आमच्या साखरपुड्याला सासरच्यांबरोबर लातूरला आले होते, तेव्हा मापाचा ब्लाऊज मी स्वतः त्यांच्या हातात दिला होता. माझ्या लग्नाचे कपडे त्यांनीच शिवले. सुलभाचे ब्लाऊज शिवले आणि अनुराधाचेही. रक्ताचं नातं नाही, लग्नाचं असण्याची शक्यता नाही. मी त्यांना खाटेवर बसवलं, कागद पुढे केला आणि काय लिहायचं ते सांगितलं.

चाचांनी चष्मा लावला, पूर्ण ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"भाभी, हे मी न्हाई लिहू शकत."

"का हो?"

"विलास माझा दूधभाऊ हाय. तो झाला तवा त्याच्या आईला टायफाइड झाल्ता. अम्मीनं एका मांडीवर मला घेतलं, एका मांडीवर त्याला. आमच्यात दुधाचं नातं म्हणजे सख्खं नातं. मी लिहू का, की मी कोणी न्हाई?"

"चाचा, कागद रक्ताचं आणि लग्नाचं विचारतोय. दुधाचं विचारतच नाही."

"कागदाला काय बी विचारू द्या. उद्या वर गेल्यावर अम्मीला काय जवाब देऊ?"

मी केतकीला फोन लावून आवाज मोठा केला. केतकी म्हणाली, "दूध त्यांच्या यादीत नाही, आई. घे सही." चाचा फोनकडे तोंड करून म्हणाले, "बेटा, तू माझी पुतणी हायस. खुशाल ऱ्हा. पण ही सही मागू नगंस. हाव, दूधभाऊ हाय असं लिहून देतो, त्याच्यावर करतो सही." केतकी म्हणाली, भाऊ म्हटलं की ते पुढचं वाचणारच नाहीत.

या जिल्ह्यात कायद्याने परका असा एकच माणूस मला सापडला होता आणि तो परकेपणावर सही करायला तयार नव्हता. मी चिडले. चाचांसमोर चिडता आलं नाही, म्हणून आत जाऊन अक्कावर चिडले. ती चुलीपुढे भाकरी थापत होती.

"काय डोकं फोडून राहिली?" अक्का म्हणाली. "साऱ्या जिल्ह्यात तुझा कोनी नसलेला एकच गडी हाय. ज्याला तुझ्या बापानं न्हाई म्हनलं, तो."

भाकरी उलटून तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दिगंबरराव मुळे. शेतकी कॉलेजात शिकताना ते लातूरला आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहायचे. दादाचे मित्र. मला शाळेत असल्यापासून पाहिलेलं. शेतीखात्यात नोकरी लागल्यावर त्यांच्या घरच्यांनी मला मागणी घातली. वडिलांनी नकार दिला, कारण नोकरी किनवटला होती आणि मुलगी जंगलात द्यायची नव्हती. मग त्यांनी मला विलास कदमांना दिलं, त्याच खात्यातले, पण नांदेड शहरात. लग्नानंतर वर्षाच्या आत यांची बदली किनवटला झाली. दिगंबररावांच्याच कचेरीत. पाच-सहा वर्षं आम्ही दोन घरं सोडून राहिलो आणि ते मला अनुराधावहिनी म्हणायचे. दादाने त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं आणि आमच्या माहेरी त्यांचं नाव निघालं की कोणीतरी म्हणायचं, त्याचा आपला काय संबंध? मला तेच तर हवं होतं.

किनवट

हदगावहून जीपने हिमायतनगर आणि तिथून रेल्वे. ही लाइन मला आवडते. हिमायतनगर सुटलं की शेतं मागे पडतात, सागाचं जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येतं आणि पैनगंगा मधूनच दिसते. डब्यात माणसं मराठी, तेलुगू आणि गोंडी एकाच वेळी बोलत होती आणि मला कोणी काही विचारत नव्हतं, कारण मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं होतं. किनवट पूर्वीपेक्षा रुंद झालं आहे. आम्ही राहायचो त्या घराच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. त्याबद्दल मला काही वाटलं नाही. ते घर पावसाळ्यात गळायचं.

दिगंबरराव निवृत्त होऊन तिथेच स्थायिक झालेत. मागे पेरूची बाग आहे. त्यांनी मला दारात पाहिलं आणि गडबडले. त्यांची बायको शोभाताई गडबडली नाही. तिने हात धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "जेवून बोलता का बोलून जेवता?"

जेवून बोलायचं ठरवलं. तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी, ज्वारीची भाकरी, लसणाचा ठेचा. इथली आमटी नाशिकच्या आमटीपेक्षा घट्ट असते आणि गूळ नसतो. जेवता जेवता एक संकट आलं. शोभाताई म्हणाली, "माझी एक मावशी औशात दिलेली हाय. तुमच्या आईचं माहेर औसाच ना? कुणाकडचं?"

"शोभाताई," मी घास खाली ठेवून म्हणाले, "हात जोडते. औशाबद्दल एक शब्द बोलू नका. काही निघालं तर मी मेले."

मग तिला सगळं सांगितलं. तिने मावशीला तिथेच सोडलं. त्या बाईची समज मला आवडली.

कागद पुढे आला. दिगंबररावांनी स्वच्छ इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं. मी यांना विद्यार्थीदशेपासून सुलभा या नावाने ओळखतो, लग्नानंतर अनुराधा या नावाने ओळखतो, दोघी एकच आहेत. मग नातं नसल्याबद्दलची ओळ आली. तिथे ते थांबले. म्हणाले, नुसतं नातं नाही म्हटलं तर संशय येईल, कारण द्यावं. आणि त्यांनी लिहिलं: यांच्याशी माझा विवाह होण्याची बोलणी झाली होती. त्यानंतर पुढची ओळ लिहिली: परंतु मी नकार दिला.

 मी शोभाताईकडे पाहिलं. ती सुपारी कातरत होती.

"दिगंबरराव," मी म्हणाले, "नकार..."

"इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट, वहिनी," ते कागदाकडे पाहत म्हणाले. "नक्की कोणी दिला, आता कोण सांगणार?"

मी सांगू शकत होते. पण महिनाअखेर जवळ आली होती, केतकीची जागा त्या एका सहीवर अडली होती, आणि नकार कोणी कोणाला दिला हे कार्यालयाने विचारलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, नातं आहे का. नव्हतं. "करा सही," मी म्हणाले.

त्यांनी केली. कागदाचा फोटो केतकीला गेला, एक यांना गेला. केतकीने लिहिलं, "आई!! यांनी तुला रिजेक्ट केलं होतं?" यांचा फोनच आला.

"हे काय लिहून घेतलंस? नकार तुझ्या वडिलांनी दिला होता. इंग्लंडच्या दप्तरी मी दुसऱ्याने नाकारलेली मुलगी केली असं होईल."

"आधी तुम्ही त्यांच्या दप्तरी दोन बायकांचे नवरे होतात," मी म्हणाले. "त्यापेक्षा हे बरं." फोन ठेवला.

निघताना शोभाताईने कुंकवाचा करंडा आणला, ताटात खण-नारळ होता. "बसा ताई, ओटी भरते. आजपासून तुम्ही माझ्या..."

"थांबा!" मी पाटावरून उठले. "पुढचं बोलू नका. अर्ज मंजूर होईपर्यंत तुम्ही-आम्ही परके."

दारातून तिने नुसता हात हलवला. कुंकू न लावता सवाष्ण घरातून गेली म्हणून शेजारीण पाहत राहिली. मराठवाड्यात एवढा अपमान करून पाहुणी बाहेर पडली आणि तरी सगळ्यांचं समाधान झालं, असं पूर्वी कधी घडलं असेल असं वाटत नाही.

नाशिक

महिना संपायच्या दोनच दिवस आधी केतकीचा कागद आला. वंशाने नागरिक. इस्पितळाने जागा दिली. आता तिला इकडचा पासपोर्ट परत करावा लागेल आणि स्वतःच्या घरी यायला परवानगी काढावी लागेल. त्याची वेगळी कागदपत्रं आहेत, ती तिची ती करील.

त्याच दिवशी शोभाताईचा फोन आला. मी म्हणाले, दिगंबररावांना धन्यवाद सांगा, त्यांच्या सहीमुळे झालं.

"सहीमुळं न्हाई झालं," ती म्हणाली. "तिकडून फोन आल्ता यांना. खात्री करायला. मागल्या आठवड्यात. तो साहेब इंग्रजीत विचारून राहिला, या बाई तुमच्या कोण? यांनी सवयीनं सांगून टाकलं, वहिनी. तो म्हणे, वहिनी म्हणजे काय? यांनी शिकलेल्या माणसासारखं समजावलं, भावाची बायको."

माझ्या हातातली औषधाची पट्टी काउंटरवर पडली. "मग?"

"मग मी फोन घेतला. म्हणलं, नो ब्रदर, नो वाइफ. रिजेक्टेड."

"मानलं तुम्हाला."

"ऐका तरी. त्यानं इचारलं, कोणी कोणाला? आता सरकारी माणूस, त्यातून परमुलखातला. त्याला काय खोटं सांगायचं? खरं तेच सांगितलं."

 "दिगंबरराव कुठे आहेत?" मी विचारलं.

"मागं हायेत," शोभाताई म्हणाली. "त्या दिवसापासून पेरूला पाणी घालून राहिले."